सिद्रामप्पांची हत्यारं

मारामारीचं पान जुळवायला आलं की सिद्रामप्पा आधी स्टुलावरून उठायचे. हातातली ओळ जुळवायची स्टिक बाजूला ठेवायची, धोतराचा सोगा खोचायचा आणि छापखान्यातल्या मोकळ्या जागेत उभं राहून माझ्या कथेतली लढाई एकट्यानं लढून बघायची. डाव्या हातात माझं पान, उजव्या हातात सापडेल ते. कधी खराटा, कधी शाईचा रूळ, एकदा तर चहाची किटली. दोन वार, एक पाऊल मागे, पुन्हा पान डोळ्यांसमोर. मग माझ्याकडे वळून म्हणायचे, "मास्तर, हितं कोपर अडतंय. ह्याच्या मागं भिंत दिली तुमी. ह्यो वार काडनार कुटनं?"

हे पंचाहत्तर सालच्या आसपासचं. मी सोलापुरात महानगरपालिकेच्या शाळेत मास्तर होतो आणि टोपणनावानं भयकथांची पॉकेटबुकं लिहीत होतो. नवी पेठेतल्या एका बोळात छापखाना होता, त्याचे मालकच प्रकाशक. सिद्रामप्पा तिथले थोरले कंपोझिटर. पंचेचाळिशीचे, बुटके, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळ जुळवणारा माणूस कुठलाच शब्द घाईनं वाचू शकत नाही. माझं लेखन त्यांच्याइतक्या बारकाईनं पुढं कुणीही वाचलं नाही.

माझ्या पुस्तकांत मेलेली माणसं उठून जिवंतांवर चालून येत. त्यांना आता झोंबी म्हणतात. तेव्हा हा शब्द आमच्याकडे आला नव्हता. मी 'चालती प्रेतं' असं लिहिलं होतं. सिद्रामप्पांनी ते खोडलं आणि 'उठवे' केलं. वर विचारलं, "आनि मास्तर, हे उठनार कुटनं? तुमच्यात तर जाळतात. राख उठनार का?"

मला हे सुचलंच नव्हतं.

"आमच्यातनं उठवा पयला," ते शांतपणे म्हणाले. ते लिंगायत. "आमच्यात बसवून पुरतात. बाकीच्यांना आडव्याचं उभं व्हायला येळ लागंल. आमची मानसं लगेच उभी." आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की स्टिकमधली अर्धी ओळ सांडली.

पहिल्या पुस्तकात मी नायकाला पिस्तूल दिलं होतं. नायक कॉलेजात शिकणारा, बाप किराणा दुकानदार. ते पान सिद्रामप्पांनी तीन दिवस जुळवलंच नाही. "सोलापुरात पिस्तूल कुणाकडं हाय? फौजदाराकडं. त्याला बी चालवताना कुनी बगितलंय? ह्या पोराकडं कुटनं आलं?" मी म्हटलं, वाचकांना आवडतं. "आवडंल की. पर भ्या वाटनार न्हाय. पिस्तूल दिसलं की वाचनारा म्हनतो, ह्यो काय आपल्यातला न्हाय. मग मरंना का तिकडं!"

मी पिस्तूल काढून घरातली वाडवडिलांची तलवार घातली. त्या दुपारी ते मला ओळखीच्या एका घरी घेऊन गेले, तिथे देवघरावर तलवार टांगलेली होती. "काडा," म्हणाले. मी ओढली तर नुसती मूठ हातात आली. घरातली म्हातारी संतापली, आम्ही दोघं बोळ संपेपर्यंत पळत सुटलो. कोपऱ्यावर धापा टाकत सिद्रामप्पा म्हणाले, "दसऱ्याला म्यानावर हळद-कुक्कू वाहत्यात, मास्तर. पातं कुनी बगितलंय?"

त्यांचा नियम एकच होता. "ज्याचा हात ज्या वजनाला सरावलाय, तेच त्यानं उचलायचं." भाकऱ्या विकणाऱ्या विधवेच्या हाती मी विळी दिली होती. त्यांनी मुसळ दिलं. विळी पायाखाली दाबून वापरायची वस्तू, ती धरून धावणार कशी? चटणी कुटायला मुसळ ती रोज शंभरदा उचलते, तिचा दंड दुखणार नाही. विणकराच्या हातात मी मागावरचा धोटा दिला, कारण त्याची दोन्ही टोकं अणकुचीदार आणि कागदावर छान दिसतात. त्यांनी तो काढून घेतला. "लाकडाचा हाय त्यो. एका टाळक्यात फुटंल. माग दुरुस्त करायला त्याच्या खिशात लोखंडी पाना असतो, त्यो द्या."

आणि अकलूजकडचा ऊसतोड्या! मी त्याला कोयत्यानं मुंडकी उडवायला लावलं होतं. सिद्रामप्पा उठले, खराटा घेतला आणि कमरेत वाकले. "बगा. ऊस तोडनारा वर बगतच न्हाय. त्यो बुडाशी मारतो. त्याचा हात घोट्याला जानार."

"पण घोटा तुटला तरी उठवा सरपटत येणार," मी म्हटलं.

"येनारच की. ऊस तोडताना नवरा बुडका तोडतो, मागनं शेंड्याचं वाढं कोन छाटतं? बायको. मंग?"

नवरा पाय तोडतो आणि बायको मागून मुंडकं, असा तो प्रसंग माझ्या तिसऱ्या पुस्तकात आहे. त्या पुस्तकानं मला नाव दिलं. लोकांनी पत्रं लिहिली. मी कुणालाच सांगितलं नाही की हे मला कुणी सुचवलं.

गंमत म्हणजे एवढी हत्यारं पारखणारा हा माणूस कागदाच्या गठ्ठ्यात विंचू निघाला तर चिमट्यानं उचलून बोळाबाहेर नेऊन सोडायचा. घरी बायको नव्हती, लवकर गेलेली. होते फक्त म्हातारे वडील, अप्पा. त्यांची दृष्टी कधीच गेलेली. रोज संध्याकाळी मिलचा भोंगा झाला की सिद्रामप्पा घरी जाऊन चूल पेटवायचे आणि भाकरी होईतो अप्पांना काहीतरी वाचून दाखवायचे. माझी पुस्तकं अप्पांना फार आवडत. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप यायचा, "अप्पा म्हनला, दुसरा उठवा लई लवकर मेला."

एकदा चहा घेताना ते म्हणाले, "मला बी घाला की एकदा पुस्तकात."

"घालतो. हातात काय देऊ?"

ते हसले. "त्येच की. माझा हात खिळ्याला सरावलाय. खिळा केवढा? ज्वारीच्या दान्याएवढा." त्यावर आठ दिवस गेले. मला वाटलं विसरले. मग एका दुपारी छापखान्यात आम्ही दोघंच असताना, लाकडी खणांच्या केसमध्ये खिळे परत टाकता टाकता, माझ्याकडे न बघता त्यांनी सांगितलं.

अक्कलकोटच्या पुढं सरहद्दीजवळ त्यांचं गाव. ते विशीत असताना घरावर दरोडा पडला. चौघं होते. अप्पांना अंगणात घेऊन मारत होते. सिद्रामप्पा आतल्या दाराच्या मागे उभे होते आणि त्यांच्या हातात कुऱ्हाड होती.

"रोज लाकडं फोडायचो तीच, मास्तर. हात सरावलेला. वजन म्हाईत. दार बी उघडं. अप्पा माझ्या नावानं वरडत व्हता. अन् म्या मागची भिंत चढून पळालो." एक खिळा त्यांनी चुकीच्या खणात टाकला, पुन्हा उचलला. "डोस्क्याला मार लागला, त्यातनं अप्पाचे डोळे गेले. त्याला वाटतं म्या त्या रातीला रानात व्हतो. म्हनून त्यानं हाक मारली तरी म्या आलो न्हाय, आसं त्यो समजतो. म्या बी तसंच ऱ्हाऊ दिलंय." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमी हत्यार पयलं बगता. मानूस ते उचलंल का, हे बगत न्हाय. मला ते म्हाईत हाय, म्हनून बोलतो."

हे त्यांनी दुसऱ्या कुणालाही सांगितलं नव्हतं.

पाचव्या पुस्तकात मी अडलो. सगळीच पात्रं शूर झाली होती आणि त्यामुळे कुणाचीच भीती वाटेना. न लढणारा एक माणूस हवा होता. एका रविवारी मी एका बैठकीत सहा पानं लिहिली. छापखान्यातला एक कंपोझिटर, नाव गुरप्पा. हातात रोजची कुऱ्हाड. अंगणात उठव्यांनी घेरलेला बाप त्याला हाका मारतोय. गुरप्पा मागची भिंत चढतो. दरोडेखोरांच्या जागी उठवे घातले, नाव बदललं, आणि एवढं पुरे आहे असं मी स्वतःला सांगितलं.

छापखान्यात प्रभाकर नावाचा दुसरा कंपोझिटर होता. ती पानं त्याच्याकडे जातील असं मला वाटलं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत आलो. प्रभाकर बहिणीच्या लग्नाला करमाळ्याला गेलाय हे मालकांनी मला दोन दिवस आधी सांगितलं होतं. ते मी विसरलो नव्हतो.

मंगळवारी शाळा सुटल्यावर गेलो तर सिद्रामप्पा तीच पानं जुळवत होते. स्टुलावरून उठले नाहीत. खिळ्यांचा टकटक आवाज नेहमीच्याच लयीत चालू होता. सहाव्या पानाचं प्रूफ काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. त्यात एकही चूक नव्हती.

"बदलू का हे?" मी विचारलं.

"काय चुकलंय?"

"चुकलं नाही..."

"मंग?"

मी पुन्हा विचारलं नाही. एकदा विचारलं, ते झालं, असं मानून मी प्रूफावर सही केली.

पुस्तक बाहेर आलं. छापखान्यात कुणाला काही कळायचं कारण नव्हतं. पण घरी अप्पा वाट बघत होते. दहा-बारा दिवसांनी सिद्रामप्पा माझ्या शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. पूर्वी कधी आले नव्हते.

"अप्पा मागं लागलाय. मास्तरचं नवं आलं न्हाय का, म्हनून. शेजारचा म्हनतो मी वाचून दावतो. तुमी येता का? माझ्यानं ते वाचवत न्हाय, अन् दुसऱ्याच्या तोंडानं नको."

रविवारी संध्याकाळी गेलो. अप्पा दारातल्या घोंगड्यावर बसले होते. हाडं मोठी, आवाज खणखणीत. "या मास्तर. आज किती मेले?" म्हणून हसले. सिद्रामप्पा उंबऱ्याशी बसून शेंगा फोडत होते. मी वाचायला लागलो. अप्पा मध्ये मध्ये "हां!" म्हणायचे, मांडीवर थाप मारायचे. मग ते पान आलं.

मी सिद्रामप्पांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही. हातातली शेंग मात्र फुटत नव्हती.

माझ्यानं पुढं वाचवेना. पुस्तकावर डोळे ठेवून मी तोंडाला येईल ते बोलत सुटलो. गुरप्पानं कुऱ्हाड उचलली. गुरप्पा अंगणात झेपावला. एक उठवा आडवा केला, दुसरा केला, चौथ्याला कुंपणाशी गाठलं, बापाला खांद्यावर घेतलं.

"थांबा," अप्पा म्हणाले. "एकटा गडी? चौघांना?"

"हो."

"खोटं हाय हे. मास्तर, तुमचं येवढं चांगलं आसतंय, पर हे न्हाय पटलं. खिळे जुळवनारा मानूस त्यो. पळालाच आसता." क्षणभर थांबून ते म्हणाले, "म्या बाप आसतो तर म्हनलो आसतो, पळ. मला मारतील ते मारतील, दोघं कशाला मरायचं?"

सिद्रामप्पांनी शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. "अप्पा, पुस्तकात त्यो पळतोच. मास्तरनं वाचताना बदललं." मग कानडीत दोन-तीन वाक्यं बोलले. मला त्यातलं एवढंच समजलं की ते स्वतःविषयी बोलत होते आणि त्यात कुऱ्हाड होती.

आत चुलीवरचं कालवण करपायला लागलं, पण कुणी उठलं नाही. अप्पांनी हवेत हात चाचपला, मुलाचा खांदा सापडला, त्यावर हात ठेवला. "तवाच सांगायचं की, येड्या," ते मराठीत म्हणाले, बहुतेक मलाही कळावं म्हणून. "येवढी वर्सं वागवलंस? म्या आपला समजत व्हतो, माझी हाक पोचली न्हाय."

लोकांना हे मी सांगतो तेव्हा ते म्हणतात, मग चांगलंच झालं की, तुमच्यामुळे दोघांचं ओझं उतरलं. उतरलं हे खरं. अप्पा त्यानंतर चार वर्षं जगले, आणि सिद्रामप्पा त्यांच्याशी पूर्वीपेक्षा मोकळे वागत, हेही मी पाहिलं. माझ्याशीही त्यांनी कधी धरून ठेवलं नाही. पुढच्या पुस्तकात मी वैद्याच्या हातात भाला दिला तेव्हा किटली घेऊन ते पुन्हा मोकळ्या जागेत उभे राहिले आणि मला यथेच्छ बोलले. ते जाऊन आता बारा वर्षं झाली. इतका निर्मळ माणूस मला पुन्हा भेटला नाही.

पण त्या संध्याकाळी ते मला कोपऱ्यापर्यंत सोडायला आले होते. निघताना त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, ओळ कुठं तोडू असं विचारावं तसं विचारलं.

"मास्तर, वाचताना बदलता आलं तुमास्नी. लिवताना का न्हाय आलं?"

उद्या सकाळची शाळा आहे, असं म्हणून मी निघालो. उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. ती सहा पानं मी तोवर लिहिलेल्या कुठल्याही पानापेक्षा चांगली उतरली होती, आणि मला ती हवी होती. वर्षभरानं दुसरी आवृत्ती निघाली. काही बदलायचं असेल तर आत्ताच सांगा, मालक म्हणाले. मी म्हटलं, काही नाही. पहिल्या आवृत्तीचे खिळे केव्हाच मोडून केसमध्ये गेले होते, त्यामुळे सगळं पुस्तक नव्यानं जुळवावं लागलं. ती सहा पानं पुन्हा सिद्रामप्पांनीच जुळवली.