लढाईवर निघालेले पोळ्याचे बैल

सासुरवाडीत जावयाचे लाड होतात हे सगळे सांगतात. त्या लाडांनी माणूस किती कंटाळतो हे कोणी सांगत नाही. मी नागपुरातल्या सक्करदऱ्याचा, सासुरवाडी जवळच्या कामठीची. एक रविवार आड आम्ही जायचो. घरात शिरताच बायको आईबरोबर स्वयंपाकघरात गडप व्हायची आणि मी दिवाणावर, सासऱ्यांच्या समोर.

"ऊन बहुत हाय ना, जवाईबापू?"

"हो, मामाजी."

"रस्त्यात गर्दी होती काय?"

"होती थोडी."

इथे आमचे विषय संपायचे आणि जेवणाला अजून तासभर असायचा. माणूस भला, पण माझ्यासमोर फोटो काढायला बसवल्यासारखा ताठ.

एका रविवारी लाइन गेली, कूलर बंद पडला. वर हवा लागते म्हणून ते मला माडीवरच्या खोलीत घेऊन गेले, तेही जरा ओशाळतच. खोलीभर एक प्लायवूडचं टेबल. त्यावर थर्माकोलच्या दोन टेकड्या, वर लाकडाचा भुसा चिकटवून रंगवलेला. ही आपली सीताबर्डी, १८१७ साली नागपूरचे भोसले इंग्रजांकडून हरले ती. एका बाजूला भोसल्यांची फौज, दुसऱ्या बाजूला कंपनी सरकारची पलटण. एकेक शिपाई अर्ध्या बोटाएवढा. मी चष्मा काढून डोळे अगदी जवळ नेले. त्या शिपायांना मिशा होत्या! निवृत्तीनंतर इंटरनेटवर पाहून मामाजींनी हा नाद लावून घेतला होता आणि शिपाई स्वतः रंगवले होते. टेपने मोजून पलटण पुढे सरकवायची, फासे टाकायचे, फाशांवर कोण पडलं ते ठरवायचं, असा हा खेळ. मी तिथेच खुळावलो.

त्या दिवसापासून मी दिवाणावर बसलोच नाही. पण एक भानगड होती. मी दर वेळी जिंकायचो. मामाजींचे फासे चांगले पडले की ते म्हणायचे, "नाही नाही, टेबल हाललं," आणि पुन्हा टाकायचे. मी कंपनीकडून खेळलो तरी जिंकलो, भोसल्यांकडून खेळलो तरी जिंकलो. इतिहासात झाली नाही एवढी नागपूरची सरशी मी एकट्याने करून टाकली.

मग एकदा त्यांचे जुने मित्र आले, निवृत्त मास्तर. त्या दोघांचा खेळ पाहिला आणि मला कळलं की मी आजवर खेळलोच नव्हतो. काय तो आरडाओरडा! "हात काढ बे, टेप तिरपा धरून राहिला तू!" मामाजी उठून नाचत होते, मास्तर त्यांना लबाड म्हणत होते, आणि दोघंही खुशीत. मला खरंच हेवा वाटला. मला त्या घरात पाहुणा म्हणून जन्म काढायचा नव्हता. माझ्यावरही कोणीतरी असं ओरडायला हवं होतं.

भोसल्यांच्या तोफा होत्या, पण त्या ओढायला बैल नव्हते. बिनरंगाचे बैल पार्सलने आले तेव्हा मी म्हटलं, मी रंगवून आणतो. घरी कूलरच्या वाऱ्याने ब्रशवरच रंग वाळायचा, म्हणून कूलर बंद करून घामाच्या धारांत बसलो. आता बैल म्हटला की माझ्या हाताला एकच काम ठाऊक. लहानपणी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल सजवले होते, तसेच हे सजवले. शिंगं लाल, अंगावर हिरवी झूल, गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला बाशिंगसुद्धा. बायकोने पाहिलं आणि हसू दाबत म्हणाली, "पाहजो, बाबा तुले काहीच बोलनार नाही."

तसंच झालं. मामाजींनी एक बैल दोन बोटांत उचलला, उलटसुलट पाहिला. शेजारी बसलेल्या मास्तरांनी खिडकीबाहेर तोंड केलं. "छान हाय जवाईबापू," मामाजी म्हणाले. "मेहनत दिसते." मला रडूच यायचं बाकी राहिलं.

खेळ सुरू झाला. मी भोसल्यांकडून, ते कंपनीकडून, मास्तर पंच. तोफा टेकडीवर चढवल्या आणि बैल तोफांच्या पुढे नेऊन उभे केले, झूल सगळ्यांना दिसावी म्हणून. मामाजींनी एकदा खाकरून पाहिलं. मग त्यांचा धीर सुटला.

"अबे, काय करून राहिला तू! तोफेच्या तोंडापुढं बैल उभे करते काय कोणी? आन् झूल घालून? लढाईवर चालले का पोळ्यात मिरवाले? कपाळाले बाशिंग! लग्न हाय काय त्याईचं? बह्याड!"

सासूबाई पन्ह्याचे ग्लास घेऊन दारात थबकल्या. "अवो, जवाई हाये थे! असं बोलते काय कोणी?" मामाजींचा चेहरा पांढरा पडला.

"मग कुठं उभे करू, मामाजी?" मी विचारलं.

"मागं," ते हळूच म्हणाले. "उतारावर. तोफ चढली की बैलाचं काम संपलं."

"दुश्मनाले शिकवून राहिले काय?" मास्तर ओरडले.

मी बैल मागे नेले. मामाजींनी फासे टाकले. झकास पडले. त्यांचा हात सवयीने फाशांकडे गेला.

"टेबल नाही हाललं, मामाजी," मी म्हटलं.

ते पोट धरून हसले आणि माझे गोलंदाज एकेक करून आडवे पाडू लागले. टेकडी गेली, तोफा गेल्या, झुलीसकट बैल कंपनीच्या लुटीत गेले. निघताना त्यांनी ते डबीत भरून माझ्या हातात कोंबले. "पुन्हा रंगवून आन. असे आनले तं टेबलावर ठेवू देनार नाही."

परतताना गाडीवर मागून बायको म्हणाली, "आई म्हणते, बाबानं बहुत धुतलं तुले?"

"धुतलं ना," मी म्हटलं. "घरच्या माणसाले धुते तसं."