वकिलाच्या कपाटातली बसऱ्याची पाकिटं

मला त्या वकिलाला रडवायचं होतं. आजही ते लपवावंसं वाटत नाही.

ऐंशीच्या दशकात जुनी टपालपाकिटं जमवणारे मालवणात आम्ही दोघेच, तो आणि मी. माझे आजोबा जहाजावर खलाशी. बसऱ्यात तुर्कांचं राज्य होतं तेव्हा तिथून त्यांनी पाठवलेली पाकिटं कट्टा गावात माझ्या थोरल्या आतेकडे होती, सुलतानाच्या वेलबुट्टीदार सहीच्या तिकिटांसकट. मी ती कधी मागितली नाहीत. बापाची तेवढीच खूण तिच्याजवळ होती.

वकिलाला त्यांचा वास कसा लागला कोण जाणे. तो परस्पर तिच्याकडे गेला. मरणाचं पत्र आमच्याकडे अंगणातच वाचून फाडतात, घरात आणत नाहीत. आतेला वाचता येत नव्हतं. यानं तिला सांगितलं, यातलं एक तुमच्या वडलांच्या मरणाचं आहे, ते घरात राहिलं म्हणून तुमचे यजमान गेले. यजमान जाऊन वर्षही झालं नव्हतं. तिनं पाकिटं त्याच्या हवाली केली आणि अंथरूण धरलं.

आजोबांच्या मरणाची बातमी सोबतच्या खलाशानं तोंडी आणली होती, पत्र आलंच नव्हतं. हे सांगून मी थकलो. "वकील माणूस खोटा कित्याक सांगात?" ती म्हणायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्याची बायको ओटीवर असताना मुद्दाम त्याच्या घरी गेलो. लेक बाळंतपणाला आलेली. "वकीलसाहेब, ते मरणाचं पत्र तुमच्याच कपाटात ना?" मी मोठ्यानं विचारलं, आणि आतेला त्यानं सांगितलेलं सगळं ऐकवलं.

बायको आत जाऊन पाकिटं घेऊनच आली. "घरात पोटुशी चेडू आसा, आणि ह्या तुम्ही घरात ठेवलात?" ती पहिलंच पाकीट फाडायला लागली. मी पान लावत बसलो.

"फाडू नको," तो पुटपुटला. "मी तिका खोटा सांगलंय."

"इथे नको," मी म्हटलं. "आतेसमोर."

एस्टीनं त्याला कट्ट्याला नेलं, पाकिटं त्याच्याच मांडीवर. आतेच्या अंथरुणाशी उभा राहून तो घाम पुसत म्हणाला, "काकी, मरणाचा पत्र त्यात नव्हताच. ता मी खोटा सांगलंय." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मला बरं वाटलं, चांगलंच बरं वाटलं.

आते उठून बसली. "म्हंजे, हे माझ्यामुळे गेले नाय?"

"परत सांग," मी त्याला म्हटलं.