किल्लेदाराच्या गाडीची चावी

आमच्या चौकातल्या चावीवाल्याला सगळे किल्लेदार म्हणतात. किल्ला त्याने जन्मात पाहिला नसेल, पण किल्ल्या मात्र गावभर वाटल्या आहेत. बँकेच्या जिन्याखाली त्याची टपरी. तिथे कानस आणि त्याचं तोंड, दोन्ही एकदमच चालू असतात. कपाट अडू दे, कुलूप गंजू दे, नाहीतर सासू-सून दोघी दाराबाहेर अडकू देत, हाक किल्लेदारालाच.

अशा माणसाच्या स्वतःच्या मोटारसायकलला चावी एकच. गाडी जुनी घेतलेली. दुसरी चावी कुठे ठेवली ते आधीच्या मालकालाच आठवत नव्हतं. बायको सारखी मागे लागायची, "अहो, जगाच्या चाव्या करता, आपली एक करून ठेवा ना!"

"करू गं. चहा निवायच्या आत होईल."

असे किती चहा निवले कोण जाणे. एका सकाळी भंगारवाला आला. किल्लेदाराने तुटक्या चाव्या, मोडकी कुलपं, पितळेचा कीस, सगळं टेबलावरून हातानेच लोटून त्याच्या पोत्यात टाकलं. दुपारी जेवायला निघताना खिसे चाचपले आणि तो मटकन स्टुलावर बसला. गाडीची चावीही टेबलावरच होती! भंगारवाल्याला गाठेपर्यंत पोतं ट्रकमध्ये चढून भट्टीच्या वाटेला लागलं होतं.

"हात्तिच्या, चावीच ना?" असं म्हणत त्याने बाह्या सरसावल्या. चौकातले रिकामटेकडे जमलेच. त्याने कुलपाच्या भोकाला डोळा लावला, कोऱ्या चावीवर कानस फिरवली, पुन्हा घालून पाहिली, पुन्हा घासली. चावी फिरली. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्याने ऐटीत स्टार्टर दाबला.

इंजिन ढिम्म. मीटरच्या काट्यांच्या मधोमध एक लाल दिवा मात्र डोळे मिचकावत होता.

"बॅटरी गेली," कुणीतरी म्हणालं. किल्लेदाराने हॉर्न वाजवला. असा खणखणीत वाजला की म्हणणारा दचकून मागे सरला.

शेवटी गाडी ढकलत रस्त्याच्या टोकाला गॅरेजवालीकडे नेली. ती आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये होती, आता स्वतःचं गॅरेज चालवते. तिने चावी उलटसुलट करून पाहिली.

"झकास केलीय हो. पण नुसती कुलपाला पटून काय उपयोग? गाडीला पटायला हवी. तुमच्या जुन्या चावीच्या डोक्यात चिप होती. तिची खूण जुळल्याशिवाय गाडी इंजिन सुरूच होऊ देत नाही. इमोबिलायझर म्हणतात त्याला."

"मग घाला एक चिप हिच्यात."

"जुनी हातात असती तर चुटकीसरशी नवीची ओळख करून दिली असती. आता इंजिनाचा मेंदूच, म्हणजे आतला कॉम्प्युटर, बदलायचा. मागवावा लागेल."

"चोरासाठी केलेली सोय आणि अडकला मालक!"

"गाडीला काय माहीत मालक कोण ते?" ती हसून म्हणाली.

मेंदू येईपर्यंत किल्लेदार मांडीवर हत्यारांची पेटी घेऊन बसने फिरला. बायको रोज सकाळी त्याच्या हातात बसचे सुटे पैसे ठेवायची. तेच त्याला जास्त झोंबलं. अखेर गाडी सुरू झाली, सोबत चिपवाल्या दोन चाव्या आल्या. एक बायकोने तिथल्या तिथे पर्समध्ये टाकली. तो मात्र धुसफुसतच होता, "नसती ब्याद!"

पुढे एकदा तो गॅरेजच्या मागच्या गल्लीतल्या एका इमारतीत कपाट उघडायला गेला. काम उरकून खाली आला, तर गाडी जागेवर नाही. त्याने इमारतीभोवती एक चक्कर मारली. तेवढ्यात फोन वाजला. गॅरेजवाली कुजबुजत होती, "किल्लेदार, एक जण तुमची गाडी ढकलत घेऊन आलाय. म्हणतो चावी हरवली, सुरू होत नाही. मी त्याला चहा सांगितलाय. पळत या!"

तो धापा टाकत पोहोचला. इस्त्रीचा शर्ट घातलेला एक घामाघूम इसम बाकावर बसून चहा फुंकत होता. गाडीचं कुलूप ओरबाडलेलं, वायरी बाहेर लोंबत होत्या. किल्लेदाराचं लक्ष आधी कुलपाकडेच गेलं.

"हे कुणी केलं?"

"मीच. माझीच गाडी आहे, चावी हरवली म्हणून..."

"अरे, असं करतात का कुलपाचं? मला बोलवायचं! आणि ही गाडी तुझी कधी झाली?"

त्या इसमाने कप खाली ठेवला, "आलोच" म्हणाला आणि धूम ठोकली. एक चप्पल बाकाखालीच राहिली.

किल्लेदार त्याच बाकावर बसला. त्याला हसू आवरत नव्हतं. "मला ओळखलं नाही तेव्हा मी हिला शिव्या घातल्या," तो गाडीच्या टाकीवर थोपटत म्हणाला, "पण बरी निघाली हो."

"मग शिकता का चिपचं काम?" गॅरेजवालीने विचारलं.

तो शिकला. सुरुवातीला लॅपटॉपवर एकाच बोटाने ठोकायचा, आता तिलाच सूचना देतो. टपरीवर कुणी मोटारसायकलवाला आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "दुसरी चावी आहे का?" समोरचा "बघू पुढच्या आठवड्यात" म्हणाला, की तो कानस खाली ठेवून उठतो, त्याच्या हातातली चावी काढून घेतो आणि म्हणतो, "बसा. आत्ताच करू."