मेलेल्या माणसाचं लायसन

माझे यजमान गेले आणि त्यांची एकनळी बंदूक घरात राहिली. मोहगावजवळच्या आमच्या संत्र्याच्या बागेत रानडुकरं शिरत, म्हणून त्यांनी तिचं लायसन काढलं होतं. तेरवी झाली आणि धाकटे दीर म्हणाले, बंदूक आता माझी. ते पिऊन शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, शेजाऱ्यांशी भांडत. एकदा भर चौकात "गोळीच घालतो" म्हणाले होते. मी बंदूक द्यायला नकार दिला.

ती जमा करावी म्हणून मी सौसरच्या ठाण्यात गेले. तिथला लिहिणारा मुन्शी म्हणाला, लायसनवाला मेला की लायसनही संपलं; छिंदवाड्याच्या कलेक्टर कचेरीतून कागद आणा, मग ठेवू. छिंदवाड्याच्या कचेरीतला बाबू म्हणाला, आधी ठाण्यात जमा करा, मग अर्ज द्या. निवडणूक आली की हीच बंदूक ठाणेवाले निरोप धाडून जमा करून घेत. आता तिला कोणी हात लावायला तयार नव्हतं. परत सौसरला गेले तर मुन्शीनं वरून बजावलं की विनालायसनची बंदूक घरात सापडली तर गुन्हा माझ्यावर, आणि तिच्यामुळे कोणाचा जीव गेला तर विचारायलाच नको.

मी घरात अडकले ती अशी. बंदूक गव्हाच्या कोठीत खुपसली, काडतुसं उशाशी घेतली. माहेर पांढुर्ण्याला, जवळच. पण भाचीच्या लग्नालाही गेले नाही. विहिरीवर असले तरी कान दाराकडे. दीर रोज ओट्यावर येऊन बसत. बाहेरून कुलूप लावून जायची भीती वाटे, आणि आतून कडी लावून बसायचीही.

सासूबाई दिरांकडे राहत. एका सकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, "थे बंदूक काढ."

मुलासाठी मागायला आल्या असं मला वाटलं. मी कोठीला पाठ लावून उभी राहिले.

"त्याच्यासाठी नाई मागून राहिली," त्या हळूच म्हणाल्या. "एक पोरगा गेला माहा. दुसऱ्याले जेलात नाई पाहाचं मले. चाल, ठाण्यात नेऊ."

बंदूक आम्ही गोधडीत गुंडाळली, काडतुसं त्यांनी ओच्यात घेतली. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, दवाखान्यात पेशंट आहे, त्याचं अंथरूण. मी सौसर येईपर्यंत खिडकीबाहेरच बघत होते.

ठाण्यात मुन्शीनं पुन्हा छिंदवाड्याचा कागद मागितला. सासूबाईंनी गोधडी त्याच्या टेबलावर उलगडली.

"विनालायसनची बंदूक आमी बसमंधी घेऊन आलो," त्या म्हणाल्या. "आता एक तं हे ठेवून घ्या, नाई तं आमा दोघींले ठेवून घ्या."

आवाज ऐकून थानेदार बाहेर आले. त्यांनी नळी उघडून पाहिली, आम्हाला बाकावर बसवलं आणि मुन्शीला हिंदीत चांगलंच झापलं. थोड्या वेळानं पावती माझ्या हातात आली. एवढ्याशा कामासाठी मी सारा उन्हाळा घरात काढला होता.

दिरांनी आईला परत घरात घेतलं नाही. बागेत डुकरांनी त्या वर्षी बरीच नासधूस केली. सासूबाई शेवटपर्यंत माझ्याकडे राहिल्या. संध्याकाळी त्या धाकट्याच्या घराकडे तोंड करून बसत आणि मी हाक मारली तरी पटकन उठत नसत.