जावयाला काम

जावयाने सासुरवाडीत किती दिवस राहावे याविषयी आमच्याकडे नियम नाही, कारण तशी वेळच येत नाही. तो येतो, जेवतो, टॉवेल-टोपी घेतो आणि जातो. माझा जावई दोन लहान मुलांना घेऊन सहा महिन्यांसाठी आला. तो इंग्रज आहे. ही बाब लोकांनी चटकन पचवली. पचले नाही ते पुढचे.

आमची मुलगी तिकडे इंग्लंडच्या लष्करात डॉक्टर आहे. तिला एका दूरच्या तळावर पाठवण्यात आले. तेथे कुटुंब नेता येत नाही. मागच्या खेपेस ती अशीच गेली असता जावयाने तिकडे एकट्याने मुले सांभाळली आणि शेवटी न्यूमोनिया होऊन तो रुग्णालयात पडला. त्यामुळे या वेळी मुलीची अट स्पष्ट होती. मुलांसह तो कन्हेरीला आमच्या वस्तीवर राहिला, तर ती नेमणूक पूर्ण करणार. तो परत गेला, तर तीही काम अर्धे टाकून परतणार. तिने हे फोनवर सांगितले. मी ‘बरं’ म्हणालो.

आल्या दिवशीच शेजारच्या वस्तीवरचे तात्या चौकशीस आले.

“जावईबापू तिकडं काय करत्यात?”

“मुलं सांभाळतात.”

“ते व्हय, पर काम काय करत्यात?”

“तेच.”

तात्यांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. “आन् आपली पोरगी?”

“लष्करात.”

“आन् ह्यो घरी?” त्यांनी थोडा विचार केला. “बंदुकीला भीत असंल. आसतंय एकेकाचं.”

मुले सांभाळण्याचे हे काम आमच्या घराने पहिल्या आठवड्यातच त्याच्याकडून काढून घेतले. त्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. नुसता मान होता. जेवण झाल्यावर तो भांडी घासायला बसला. पत्नीने साप दिसावा तशी हाक मारली.

“अवं, बघा की! जावयाच्या हातात घासणी!”

दोघांत थोडी ओढाताण झाली. पत्नी जिंकली. त्यानंतर घासणी तांदळाच्या डब्यात ठेवली जाऊ लागली.

मुलांचे तसेच. थोरली चार वर्षांची. ती शेजारच्या शेळ्यांमागे जाई. धाकटा दीड वर्षाचा. तो सकाळी एका बाईच्या कडेवर बसे आणि कडेवरून कडेवर फिरत दुपारी परत येई. गालावर काजळाची तीट, मुठीत भाकरीचा तुकडा. जावई त्याची टोपी आणि पाण्याची बाटली घेऊन मागे मागे हिंडे. “तुमी बसा, जावईबापू,” असे सगळ्या सांगत. मराठीतले हे वाक्य त्याला मुलीने शिकवले नव्हते. ते तो येथे शिकला. त्याच्यासाठी लिंबाखाली एक खुर्ची ठेवलेली असे. सावली सरकली की येता-जाता कोणीतरी त्याला उठवून खुर्ची सरकवी आणि पुन्हा बसवी.

इंदापूरला माझ्या मेहुण्याने सर्वांना जेवायला बोलावले. त्याची डाळिंबाची बाग आहे आणि आवाज बागेच्या मानाने मोठा आहे.

“जावईबापू, आजून येक भाकरी.”

“नको. पोट भरले.”

“भरलं म्हंजी? आमच्याकडं काय कमी पडलं व्हय?”

जावयाने भाकरी घेतली. मग धाकट्याला आपल्या ताटातला घास भरवायला तो वळला, तर मूल तेथे नव्हते. मेहुण्याच्या बायकोने ते उचलून आत नेले होते. “पोराचं आमी बगतो,” ती आतून म्हणाली, “तुमी मटणाची नळी चोखा.”

जेवणानंतर टॉवेल, टोपी, नारळ झाले. टोपी डोक्यावर घालूनच तो गाडीत बसला, कारण काढली तर वाईट दिसेल असे त्याला वाटत असावे. थोरलीने मला विचारले, “आबा, डॅडीचा वाढदिवस सारखा सारखा का असतो?”

बारामतीत शिरल्यावर जावई म्हणाला, धाकट्याचे डायपर संपत आले असतील, दुकानाशी थांबू.

“आता गं बया, कशाला?” पत्नी म्हणाली. “कवाच सोडवलं की. मागं परड्यात बसवतो आमी त्याला. शहाणं हाय, सांगतंय.”

जावयाने टोपी काढून मांडीवर ठेवली. “मला कोणी सांगितले नाही,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचे मराठी सावकाश आणि स्वच्छ आहे.

“आबा, आम्ही परत जातो. सोमवारचे विमान आहे.”

“काही कमी पडलं का?”

“नाही. तोच त्रास आहे. तिकडे मी बाप होतो. इथे मी पाहुणा आहे. आता मुलांनाही तसेच वाटते.”

“तिला कळवलंत?”

“हो. ती परतीचा अर्ज लिहिते आहे.”

“सोमवारपर्यंत पाठवू नको म्हणावं.”

आमच्या घरात हाती घेतलेले काम कोणी अर्धे टाकलेले नाही. मुलगी पहिली ठरू नये, एवढेच मला वाटत होते. अधिक काही वाटत असल्यास ते येथे लिहिण्याचे कारण नाही.

मी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यावर केली. तेथे एक गोष्ट नक्की कळते. कालव्याच्या शेपटाच्या शेतकऱ्याचे पाणी कोणी एकजण पळवत नाही. वरचा प्रत्येक जण ‘जरासंच घेतलं’ म्हणतो, आणि त्या जराशांतून शेवटचे शेत कोरडे राहते. त्यावर उपाय एकच: पाण्याची पाळी ठरवणे, आणि ती शेपटापासून सुरू करणे.

त्या दुपारी मी पत्नीला, शेजारच्या काकूंना आणि त्यांच्या सुनेला अंगणात बोलावले. तात्या न बोलावता आले.

“सकाळी उठल्यापासून न्याहारीपर्यंत मुलं बापाची,” मी म्हणालो. “अंघोळ बापानं घालायची. संध्याकाळचं जेवण आणि झोपवणंही त्याचंच. मधला वेळ तुमचा. मुलांचं काहीही सुरू किंवा बंद करायचं असेल, तर आधी त्याला विचारायचं.”

“आन् लोक काय म्हंतील?” पत्नी म्हणाली. “जावयाला राबवून घेत्यात?”

“म्हणू देत.”

“अवं, पर जावई हाय त्यो!”

“दुपारी आहे. सकाळी मुलांचा बाप आहे. दुपारी तू त्याला हवं तेवढं पुरण घाल.”

“आन् मधीच कुणी उचललं पोरगं तर?” काकूंनी विचारले.

“पंचनामा होईल.”

सगळ्या हसल्या. मी विनोद केला नव्हता.

दुसऱ्या सकाळी जावयाने हौदापाशी बादली मांडली. हात लावण्यास मनाई असल्याने बायका कुंपणाशी ओळीने उभ्या राहिल्या. तोंडाला मनाई करण्याचे माझ्या ध्यानात आले नव्हते.

“आदी त्याल लावा की!”

“मान धरा, मान!”

“आवं साबण चाललाय डोळ्यात! काय ह्यो मानूस!”

पत्नी स्वयंपाकघरात हौदाकडे पाठ करून बसली होती. थोड्या वेळाने तिने मला हाक मारली. “पाणी कोमट हाय का, इचारा त्याला.”

“तूच विचार.”

“मी न्हाय बोलत त्याच्याशी.” आणि मग खिडकीतून, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असे: “पाणी कोमट घ्या म्हनावं!”

धाकटा साबणासकट निसटून कुंपणाकडे पळाला. काकूंनी त्याला अलगद उचलले. मी पाहिले.

“उचललं न्हाय, आबा. पडत हुतं, म्हणून धरलं.”

कालव्यावर रात्री पाणी फोडणारा प्रत्येक जण मला हेच सांगत असे: बांध आपोआप फुटला. मी मूल काढून घेतले आणि बापाच्या हवाली केले. काकू दोन दिवस आमच्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी कुंपणाशी पुन्हा पहिल्या उभ्या होत्या.

जावई विमानाविषयी काही बोलला नाही. मी विचारले नाही. सोमवारी सकाळी मुंबईला नेणारी गाडी मात्र ठरल्या वेळी दाराशी आली. बॅगा ओसरीवर होत्या. एक बंद, एक उघडी. जावई हौदापाशी होता. ड्रायव्हरला मी पोहे दिले.

मुलीचा फोन आला. जावयाचे हात ओले असल्याने मी घेतला.

“आबा, निघाले का ते?”

“अंघोळ चालली आहे.”

“गाडी?”

“आली आहे. ड्रायव्हर पोहे खातो आहे.”

“मग मी अर्ज पाठवू ना? आज द्यायलाच हवा.”

मी हौदाशी गेलो आणि जावयाला प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्याने मान वर केली नाही. कोपरापर्यंत साबण होता.

“आज जमणार नाही म्हणावं,” तो म्हणाला. “धाकट्याचं कानामागचं राहिलं आहे, आणि थोरलीला तेल लावायचं आहे. नाहीतर या बायका मला सोडणार नाहीत. गाडी परत पाठवा, आबा.”

मी मुलीला हे शब्दशः सांगितले.

“आई कुठं आहे?” तिने विचारले.

“कुंपणाशी. सूचना देते आहे.”

“बोलते त्याच्याशी?”

“ओरडते. तेवढं पुरे आहे.”

फोन ठेवून मी ड्रायव्हरला, गाडी नको, असे सांगितले. त्याने आणखी एक बशी पोहे मागितले. मी दिले.