संध्याकाळचं चालणं

कुणी रिपोर्टाची फाईल पुढे केली, की मॅडम ती टेबलावर पालथी ठेवायच्या, वर चष्म्याचं घर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "हे कुठं पळून चाललंय? आधी लेकरू चालू द्या."

नांदेडच्या एका दवाखान्यात त्या आनुवंशिक आजारांच्या डॉक्टर होत्या. मूळच्या उदगीरकडच्या. मी अर्धापूरहून येताना वाटभर रिपोर्ट वाचत यायचो. त्यातलं मला फक्त आमचं आडनाव कळायचं.

आमची धाकटी सकाळी अंगणभर धावायची. दिवस कलला की पापण्या जड व्हायच्या, पाय उचलायचे नाहीत. घरातले तिला नाटकी म्हणायचे. घरातले म्हणजे मीच. मॅडमनी भेटीची वेळच संध्याकाळची दिली. पोरगी भिंत धरून खोलीभर चालली. त्या गुमान बघत राहिल्या आणि मगच त्यांनी फाईल सुलटी केली.

डीएनएच्या तपासणीत एक बदल सापडला होता. पण आजाराचं कारण तोच, की तो नुसताच वेगळेपणा, हे ठरत नव्हतं. "आज कळतं तेवढंच सांगते," त्या म्हणाल्या. "हेच कारण असलं तर गोळी लागू पडती. दुसरं निघालं तर तीच गोळी बाधती. आधी तुमा दोघा आईबापाचं तपासू."

आमच्या आईनं निकाल केव्हाच देऊन टाकला होता: दोष सुनेच्या माहेरचा. आता मी मामाचीच मुलगी केलेली, म्हणजे सुनेचं माहेर तेच आईचं माहेर. हे तिला सांगायची छाती घरात कुणाची नव्हती. मॅडमनी वंशावळ काढली, तर सगळ्या रेघा फिरून एकाच म्हाताऱ्यापाशी, आईच्याच वडलांपाशी आल्या. आई त्यानंतर त्या दवाखान्याची पायरी चढली नाही.

आमच्या तपासणीसाठी थुंकी भरायच्या नळ्या घरी दिल्या होत्या. आधी काही खायचं नाही, एवढंच पथ्य. नेमका केळीचा व्यापारी आला. पाहुण्याला एकट्याला खाऊ देणं आमच्यात बसत नाही, म्हणून मी साथ दिली. बायको चुलीपाशी होती म्हणून वाचली. तिचा नमुना चांगला निघाला, माझा वाचताच येईना.

"काही खाल्लं होतं का?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई."

"काहीच न्हाई?"

"काहीच न्हाई. केळ तेवढं."

आमच्या गावात केळाला कुणी खाणं म्हणत नाही, हे मी त्यांना समजावून सांगू लागलो. त्यांनी पोरीकडे बोट केलं. "तिची गोळी अडून राहिलीय, दादा. ह्या बारीला रक्त द्या. त्यात केळ शिरत न्हाई."

रक्तानं निकाल दिला. एक बदल माझा, तोच बायकोचाही. पोरीला दोन्हीकडून मिळालेला. तिच्या चालण्याशी त्याचा मेळ बसला आणि गोळी सुरू झाली. सगळ्यांचंच असं सापडत नाही, सापडलं तरी औषध असतंच असं नाही, हेही मॅडमनी बजावलं. तरी मी गावात साध्या खोकल्यालाही डीएनए काढायचा सल्ला देत हिंडलो.

पुढच्या भेटीला केळ्याची फणी घेऊन गेलो. दिवस कललेला. लिफ्ट सोडून पोरगी जिन्यानं वर गेली, आम्ही मागून धापा टाकत. खोलीला कुलूप होतं. नवऱ्याची बदली झाली म्हणून मॅडम मागच्याच महिन्यात राज्याबाहेर गेल्या, असं शिपायानं सांगितलं.

"मंग मी कुणाला चालून दाखवू?" पोरीनं विचारलं.

मी फणीतलं एक केळ सोलायला घेतलं. बायकोनं फणी माझ्या हातातून काढून घेतली. पोरगी तोवर दाराकडे पाठ करून निघाली होती. भिंतीला हात न लावता व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि बंद दाराकडे बघत तशीच चालत परत आली.