मास्तरांचा धरलेला खांदा आणि वकिलाचा कोट

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांच्या तोंडात 'नाही' हा शब्द कधी बसलाच नाही. गिऱ्हाईक काहीही घेऊन येवो, 'होईल, परवा न्या' हे ठरलेलं. तो परवा कुठल्या महिन्यातला, हे विचारण्याइतकं उद्धट गिऱ्हाईक त्यांच्याकडे टिकत नसे.

आता अशा माणसाने 'माझ्याच्याने काम होत नाही' म्हणून दवाखान्यावर भरपाईचा दावा लावावा! पण खांदा खरंच धरला होता. तिथल्या लस टोचणाऱ्याने सुई दंडात न टोचता पार सांध्यापाशी खुपसली, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जाईना. डॉक्टरांचा अहवाल मोठा निर्भीड निघाला: सुईमुळे असेल, नसेलही.

वकील घरचाच, सख्खा भाचा. तडजोडीच्या बैठकीआधी त्याने मामाला पढवलं: कुणी विचारलं तर शिवणकाम होत नाही, एवढंच बोलायचं. मामाने मान डोलावली. मानेला काही झालं नव्हतं.

बैठकीत समोरचे, दवाखान्याचे वकील साखरेहून गोड. त्यांनी चहा पाजला, तब्येत विचारली, आणि जाता जाता आपल्या कोटाची उसवलेली बाही पुढे केली.

"मास्तर, एवढं जमेल का हो?"

"न जमायला काय झालं? परवा न्या."

भाच्याने कपाळाला हात लावला. समोरच्यांनी ते उत्तर लिहून घेतलं आणि वर कोटही सोपवला.

महिना सरला. पुढच्या बैठकीत भाच्याने अक्कल लढवली: कोट अजून मिळालेला नाही, याहून मोठा पुरावा कुठला? समोरचे पोट धरून हसले. शिंप्याकडे कपडा रखडला की त्यालाच भरपाई द्यायची ठरलं, तर जगात एकही शिंपी गरीब राहायचा नाही, म्हणाले.

हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी सोबत आलेल्या बायकोच्या पिशवीतून कोट काढला. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा स्वतः चढवल्याशिवाय त्यांनी कधी सोडला नव्हता, म्हणून वकिलांच्या मागे उभे राहिले. डावा हात वर गेला. उजवा छातीशीच अडला, कपाळावर घाम आला, आणि कोट खाली पडला.

बायकोने तो उचलून वकिलांना चढवला.

"बाही मी शिवलीय, साहेब. सुई टोचल्यापासून दुकानातलं सगळं मीच शिवते. हे नुसतं परवा न्या म्हणतात."

वकिलांनी बाही चाचपून पाहिली. हसू मावळलं. तडजोड त्याच दिवशी ठरली.

कागदावर लिहिलं होतं: अर्जदार यापुढे शिवणकाम करू शकत नाही. पेन हातात धरून मास्तरांनी भाच्याला विचारलं,

"हे वाचणार कोण कोण रे?"

"कुणी नाही, मामा. दोन्ही बाजूंनी गुप्त ठेवायचं, असं कलमच आहे."

ते कलम समोरच्यांनी स्वतःची अब्रू झाकायला घातलं होतं. मास्तरांनी ते तेवढं भाच्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, आणि मग सही केली.